बंड्याच्या पांढऱ्या पट्ट्या

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत शोधून सापडला नसता. हे मी तेव्हा खात्रीने सांगितलं असतं, कारण त्या यादीत दुसरा नंबर माझा होता. लग्नानंतर जागा मिळेपर्यंत आम्ही दोघं मुलुंडला त्यांच्याकडेच राहत होतो. बैठी चाळ, चाळीपुढे आग्रा रोड, रोडपलीकडे माळ, माळामागे डोंगर आणि डोंगरात वाघ. तो बिबट्या आहे असं शिकलेले लोक म्हणत. पण ज्याला दात आहेत त्याची जात विचारू नये, असं मामांचं मत होतं. विजेपासून विंचवापर्यंत आणि साहेबापासून सासूपर्यंत ते सगळ्यांना भीत. रात्री दाराला तीन कड्या घालून झोपत आणि तिसरी नीट लागली की नाही या काळजीने दोनदा उठत. स्वतःच्या न्हाणीघरात शिरतानाही आधी मोठ्याने खाकरत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, आत कोण असलाच तर त्याला निघून जायला वेळ नको द्यायला?"

लढाईच्या दिवसांत दिवे झाकण्याचा हुकूम होता, तेव्हा या माणसाला लोकांनी आग्रह करून वॉर्डन केलं होतं. शिट्टी फुंकत घरोघरी "दिवा घालवा" म्हणून ओरडायचं काम. मामा ओरडत, लोक दिवे घालवत, आणि मग त्या अंधारातून घरी परतायची मामांची छाती होत नसे. मामी कंदिलावर टोपली झाकून त्यांना आणायला जाई. त्या दिवसांतून मामांनी एकच गोष्ट उचलली होती. अंधारात कोणी आपटू नये म्हणून तेव्हा झाडांच्या बुंध्यांना आणि रस्त्याच्या कडांना चुन्याचे पट्टे ओढत. ते पाहून "पांढरं दिसतं ते वाचतं" हे मामांचं जन्माचं तत्त्वज्ञान झालं.

आणि अशा माणसाचं कुत्रं काळंकुट्ट! बंड्या पिल्लू असताना दारात येऊन बसला आणि त्याला हाकलायची भीती वाटल्यामुळे तो घरचाच झाला. रात्रीच्या जेवणानंतर स्वारी फेरफटक्याला निघायची आणि ओट्यावरून चार पावलं उतरली की दिसेनाशी व्हायची. रोडवरून ट्रक भरधाव जात, पलीकडे वाघ. त्याला बांधून ठेवा, असं मी एकदा सुचवलं. मामा माझ्याकडे बघतच राहिले. शेजारच्या चाळीतलं बांधलेलं कुत्रं वाघाने नेलं होतं. सकाळी नुसती साखळी उरली होती. "बांधलेलं कुत्रं म्हणजे वाघाला वाढलेलं पान," मामा म्हणाले. "मोकळा असला तर पळेल तरी. फक्त दिसला पाहिजे."

मग तो दिसावा म्हणून उपाय सुरू झाले. आधी भिंतीचा चुना लावला. बंड्याने अंग खाजवून खाजवून अर्धा चुना मामांच्या अंथरुणावर उतरवला. नंतर मामांनी आपलं बरं धोतर फाडून पट्ट्या काढल्या आणि बंड्याच्या चारी पायांना नीट शिवून बसवल्या. मामी म्हणाली, "अहो, माणसं उघडी पडायची वेळ आली आणि कुत्र्याला कसले कपडे!" पण मामा खूश होते. त्याच रात्री ओट्यावर बसले असताना त्यांना समोरच्या अंधारातून चार पांढऱ्या वस्तू जमिनीला टेकत नि पुन्हा वर उठत आपल्याकडे येताना दिसल्या. वर धड नाही, काही नाही! मामांनी आत उडी मारून तिन्ही कड्या घातल्या आणि रामरक्षा सुरू केली. बाहेर दारावर नखं वाजू लागली.

"अहो, बंड्या आहे तो!" मामी म्हणाली.

"बंड्याच्या रूपानं आलं असेल!" मामा ओरडले. शेवटी दार मामीने उघडलं.

त्यानंतरच्या एका अमावास्येला साडेनऊ वाजून गेले तरी बंड्या परतला नाही. "सकाळी येईल तो," मामी म्हणाली. मामांनी खुंटीवरचा ऑफिसचा काळा कोट चढवला, कंदील घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी निव्वळ लाजेखातर उठलो.

रोडच्या कडेला पोचेपर्यंत माळावरच्या वाऱ्याने कंदील घालवला. मामांनी माझी बाही घट्ट धरली. "बंड्या, खंय गेलंस रे मेल्या?" घाबरल्यावर तोंडात येणाऱ्या गावच्या मालवणीत ते हाका मारत होते आणि त्यांचा आवाज चिरकत होता. पलीकडच्या गवतात काहीतरी सळसळलं नि थांबलं. "वास येतोय, जावईबापू," ते कुजबुजले. वास मलाही आला, की आल्यासारखा वाटला, देव जाणे. एवढ्यात रोडपलीकडे पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. चार नव्हत्या, तीनच. आणि त्या वेड्यावाकड्या धावत आमच्याकडेच येत होत्या. त्याच क्षणी ठाण्याच्या बाजूने ट्रक आला.

माझी बाही एकदम सुटली. मामा रोडच्या मधोमध गेले होते, आणि त्या काळ्या कोटात ते मलाही दिसत नव्हते. ब्रेक किंचाळले. मी डोळे मिटून घेतले. ते मिटले याची मला आजही लाज वाटते.

उघडले तेव्हा ट्रक थांबलेला होता. त्याच्या दिव्यापासून हातभर अंतरावर मामा रस्त्यात बसले होते आणि बंड्या त्यांच्या मांडीत तोंड खुपसून कापत होता. ड्रायव्हर खाली उतरला. त्याचा चेहराही पांढराफटक पडला होता.

"कुत्ते की पट्टी दिखी, इसलिए ब्रेक मारा!" तो ओरडला. "तू तो दिखा ही नहीं, बाबा!"

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. बंड्याच्या मागच्या पायाला ओरखडा होता नि तिथली पट्टी गेली होती, त्या पायावर हात ठेवून, पोटचा पोरगा घरी आल्यासारखे ते म्हणत होते, "इलंस? इलंस रे माझ्या झिला?"

परतताना मी बंड्याला उचललं आणि मामांनी पुन्हा माझी बाही धरली. दात वाजत होते त्यांचे. चाळीपाशी आल्यावर ते थांबले.

"जावईबापू, मी रस्त्यात उतरलो ते मामीला सांगू नका."

"का हो? तिला अभिमानच वाटेल."

"नको. मग ती मला रात्री बाहेर सोडायची नाही. आणि हा तर जाणारच."

मी शब्द पाळला. मुलुंडला होतो तोवर रोज जेवणं झाली की मामा कंदील घेऊन उठत आणि त्यांनी बोलावायच्या आत मी चपला घालत असे. आम्ही दोघंही घाबरलेले असू. पण मी त्यांना भित्रा म्हणायचं त्या रात्रीच सोडलं होतं. आता मामा नाहीत, मामी नाही, बंड्या तर केव्हाच गेला. मला मामांची फार आठवण येते. रात्री एखादं कुत्रं रस्ता ओलांडताना दिसलं, की ते पलीकडे पोचेपर्यंत माझं पाऊल पुढे पडत नाही.