भातगिरणीतलं हॉटेल

मुरबाडच्या जुन्या भातगिरणीचं आता हॉटेल झालंय. लहानपणी मी बापाबरोबर तिथे भात भरडायला जायचो. यंत्रापुढे बोलणं ऐकूच यायचं नाही, सगळे बोटांनी खुणा करायचे. माझ्या लग्नाआधीच यंत्र भंगारात गेलं.

परवा भर दुपारी बायकोला घेऊन तिथे जेवायला गेलो. आत आम्ही दोघंच, पंखासुद्धा बंद. तरी वेटरने माझ्या तोंडाजवळ कान आणला. मी ओरडून सांगितलं तरी त्याला कळेना. बहिरा ठेवलाय की काय, म्हणून मी चिडलो. शेवटी मेनूकार्डावर चिकन थाळीवर बोट ठेवलं आणि दोन बोटं दाखवली. तो मान हलवून गेला.

जेवून बाहेर आलो. पायरीवर बायको कान चोळत म्हणाली, “थांबली एकदाची ती धडधड.”