शिंगवाले आणि बिनशिंगे

कप्पा किती ओढायचा याचा भाच्याला अंदाज आला नाही, आणि मामांच्या छत्तीस वर्षांच्या संसारातले शंभरेक शेणकिडे टाचण्या-चिठ्ठ्यांसकट संग्रहालयाच्या फरशीवर आले.

"हाताला लोणी लावून आलास काय रे?" एवढंच म्हणून मामा गुडघ्यांवर बसले. शिंगवाले नर डावीकडे, बिनशिंगे उजवीकडे. बिनशिंगे ही वेगळी जात, असं तरुणपणी मामांनीच छापून आणलं होतं. जन्मात एकाच जातीला नाव दिलं, ती हीच. निवृत्तीला महिना उरला होता.

कित्येकांचे पाय मोडले होते. कुठला पाय कुणाचा, हे मामांनी भिंगातून जुळवून दिलं. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना रोज बायको शोधून देते. वरच्या प्रयोगशाळेत कामाला असलेल्या भाच्याला वाटलं, पाय मोडलेच आहेत तर त्यांतून डीएनए काढून तपासू. तेवढीच भरपाई.

तीन आठवड्यांनी तो कागद घेऊन खाली आला, पण जिन्यात दोनदा थांबला. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात शिंगवाले आणि बिनशिंगे सरमिसळ बसले होते. दोन घराणी नव्हतीच. इतर काही शेणकिड्यांसारखंच, अळीपणी पोटभर मिळालं त्याला शिंगं फुटली, अर्धपोटी राहिला तो बिनशिंगा.

मामांनी कागद दोनदा वाचला.

"बाई म्हणाल्या होत्या," ते हळूच म्हणाले.

बाई म्हणजे विभागाच्या चित्रकार. केसाएवढ्या निबने किडे काढायच्या. "साहेब, नर दोन तऱ्हेचे दिसतात, पण माद्यांत काडीचा फरक नाही. जात एकच असेल," असं त्या एकदा म्हणाल्या. त्यावर मामा चारचौघांत म्हणाले, "बाई, तुम्ही मिशा नीट काढा, डोकं आम्ही चालवतो." सगळे हसले. बाईही हसल्या. पुढे त्यांनी चित्रं वेळेवर दिली, मत कधीच दिलं नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या.

"तेव्हा हसायला मीच सगळ्यात पुढे होतो," मामा म्हणाले.

भाच्याचा जीव कळवळला. "मामा, घाई काय आहे? तुमचा निरोपसमारंभ होऊ दे. मग शोधनिबंध छापायला पाठवतो. तोवर कुणाला कळतंय?"

"आजच पाठव, आणि पहिलं नाव बाईंचं घाल."