झाकायचा राहिलेला आरसा

"काय तोंड घेऊन जाऊ मी तिच्याकडं?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठलं आणणार या वयात?" बायको म्हणाली आणि टॉवेल झटकत आत गेली.

सलूनवाले दादा तरीही बाकावर बसूनच राहिले. या माणसानं कधी कुणाचा कान कापला नव्हता. अपराध्यासारखं बसायची सवय त्याला नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दादा लिहिणाऱ्यांना जमवायचे. वाचणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी त्याच्या पाठीमागं बाकावर. समोरच्या आरशावर दादा चादर टाकत, कारण लोकांची तोंडं दिसली की वाचणाऱ्याची जीभ अडखळते. वाचून झालं की आधी मनात काय राहिलं ते सांगायचं, मग कुठं अडकलो ते. कुणाची टिंगल नाही. एवढ्यावर ट्रकचा ड्रायव्हर लिहिता झाला. पलीकडच्या गल्लीतली शिवणकामवाली मावशीही झाली.

त्या दिवशी चादर धुवायला टाकली होती. एक दिवस नसली तर काय बिघडतं, म्हणून दादांनी आरसा तसाच ठेवला. मावशी वारलेल्या बहिणीवर लिहिलेलं वाचत होती. शिलाई मशीनवरून दोघी भांडल्या होत्या, आणि ते भांडण मिटायच्या आत बहीण गेली. वाचन लांबलं. दादांनी ड्रायव्हरकडं बघून दोन बोटांची कात्री हवेत चालवली. ड्रायव्हर गालात हसला. मावशी वाक्याच्या मध्येच थांबली. दादांनी मान वर केली, तर आरशातून ती त्यांच्याकडंच बघत होती.

"बाकीचं नंतर," म्हणाली. कागदांची घडी घालून गेली, ती पुन्हा फिरकली नाही.

शेवटी दादा बाकावरून उठलेच आणि पलीकडच्या गल्लीत गेले. मावशी पँटची खालची पट्टी दुमडत होती.

"काय शिवायचंय?"

"शिवायचं काही नाही. त्या दिवशीचं…"

"कंटाळवाणं होतं. आरसा काय खोटं बोलतो?"

"कंटाळवाणं नव्हतं, मावशी. मला घाई होती."

"कसली?"

दादांनी मान खाजवली. खोटं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "पुढचा नंबर माझा होता. खिशात माझं लिहिलेलं होतं. कधी वाचतो असं झालं होतं."

मावशीनं दातानं दोरा तोडला. "मग सांगायचंत की. उठले असते मी."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"येणार ना पुन्हा?"

"येईन. ऐकायला."

"आणि बहिणीचं?"

"ते घरी वाचते, तिच्या फोटोसमोर. ती बोटं नाचवत नाही."

दादा उंबऱ्यापर्यंत आले, परत वळले. "चुकलं माझं."

"हो," म्हणाली ती, आणि पँट उलटी केली.

दुकानात एक म्हातारा ताटकळला होता. "कुठं उलथला होतास रे? दाढी गुडघ्याला लागली माझी!"

"बसा, आजोबा," म्हणत दादांनी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि ब्रश पाण्यात बुडवला.