अर्डिसच्या नावाने बुडालेली झाडं

नाताळ सरला की आमच्या गावात साज उतरवलेली झाडं घरोघरच्या फाटकाबाहेर येऊन पडतात आणि त्यांच्या मागोमाग अर्डिस ट्याडेनचा जुना पिकअप येतो. अर्डिसचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला, त्यामुळे कोण कुठे राहतं हे तिला डोळे मिटून ठाऊक. झाडाला चंदेरी झिरमिळ्या चिकटलेल्या दिसल्या की ती दार ठोठावते. "हे माशांच्या पोटात जाणार, कळतंय का? काढ आधी!" मग चांगले मिशाळ बाप्ये घरातल्या सपाता घालून बर्फात उभे राहतात आणि मुकाट्याने झिरमिळ्या वेचतात. लहानपणी तिच्याच बसमध्ये बसलेले असतात ना.

हे तिने सुरू केलं नवऱ्यासाठी. मर्लला अर्धांगाचा झटका आला, चाकाची खुर्ची आली, होडीत बसणं संपलं. उरला तो गावच्या तलावावरचा लाकडी धक्का. पण त्याच्याखालचा तळ ताटासारखा सपाट, मासा तिथे थांबेल कशाला? मत्स्यखात्यातल्या एकाने तिला सांगितलं, पाण्यात झाडं बुडवा. फांद्यांत पिल्लं लपतात, पिल्लांच्या मागे मोठे मासे येतात. तिने परवानगी काढली. जानेवारीत तलाव गोठला की प्रत्येक झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधायचा आणि धक्क्यापुढच्या बर्फावर झाड उभं करायचं. मार्चमध्ये बर्फ विरघळला की झाडं आपोआप खाली जातात. दुसऱ्याच वसंतात मर्लच्या गळाला क्रॅपी मासे लागायला लागले, तळहाताएवढे, रुपेरी. मर्ल शेवटपर्यंत त्या धक्क्यावर बसायचा.

झाडं बर्फावरून ओढून न्यायला गॉर्डी होता. मर्लचा बालमित्र. चार चाकांची बर्फातली गाडी त्याची, तिच्यामागे जोडायची ट्रॉली त्याची. मर्लच्या शवपेटीला पहिला खांदा त्याचा. मर्ल गेल्यावर अर्डिसच्या घराला ऊब देणारी भट्टी बंद पडली तर गॉर्डी, छपरावरचा बर्फ काढायचा तर गॉर्डी. ती म्हणायची, "मर्ल गेला, पण जाताना मला एक भाऊ ठेवून गेला."

मर्लनंतरही तिने काम सोडलं नाही, कारण धक्क्यावर आता दुसरी माणसं यायला लागली होती. मांसाच्या कारखान्यात राबणारी लाओसची कुटुंबं, वृद्धाश्रमातले म्हातारे. ज्यांच्याकडे होडी नाही अशी सगळी. माझं कॉफीचं आणि गळाच्या आमिषाचं दुकान धक्क्यासमोरच आहे, मी रोज बघते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नगरपालिकेने धक्क्याखालचा गाळ उपसला. त्याच्याबरोबर सगळी जुनी झाडंही गेली. अर्डिस म्हणाली, "हरकत नाही, यंदा दुप्पट टाकू." पण डिसेंबरात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. गॉर्डी तिच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "तू पाय वर करून पडून राहा गं. मी कशाला आहे?"

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी तिच्या नावाने आवाहन केलं. त्या साली कधी नव्हे इतकी झाडं आली.

ती झाडं धक्क्यापुढे मात्र दिसेनात. तलावापलीकडे सीडर पॉइंटच्या टोकाला हिरवी रांग उभी राहिली. गॉर्डीचा मुलगा केविन तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडून विकत होता. मी गॉर्डीला विचारलं, "यंदा तिकडे कसं काय?"

तो कॉफीत साखर ढवळत म्हणाला, "अर्डिसनेच सांगितलं. म्हणाली, गाळ नुकताच उपसलाय, झाडं धरणार नाहीत, वर्षभर तिकडे टाका."

सगळ्या गावाला त्याने हेच सांगितलं. अर्डिसने सांगितलं म्हटल्यावर कोण फेरविचारणा करणार? आजारी बाईला भेटायला जाणारे घरी शिजवलेलं कॅसरोलचं जेवण घेऊन जायचे, गुडघ्याची चौकशी करून यायचे. मीही त्यांतलीच.

मे महिन्यात अर्डिस काठी टेकत धक्क्यावर आली. खाम्फेंग म्हणून कारखान्यातला एक गृहस्थ बायकोबरोबर बसला होता. बादली कोरडी.

"पाणी अजून गार आहे," अर्डिस म्हणाली. "येतील मासे."

खाम्फेंगने गळ वर ओढून घेतला. मग हळूच म्हणाला, "अर्डिसबाई, आमच्याकडून काही चुकलं का?"

"म्हणजे?"

"झाडं तुम्ही यंदा तिकडे टाकलीत. आम्ही तिकडे गेलो, तर केविन म्हणाला, ही खासगी जागा आहे. बायको म्हणते, आपण कचरा केला असेल, म्हणून बाई रागावल्या."

"कुठे टाकली झाडं?"

त्याने बोट दाखवलं. अर्डिसने टोकाकडे पाहिलं. तिथे नवी पाटी होती, लांबूनही वाचता येईल अशी: 'दारात मासे.'

ती तशीच माझ्या दुकानात आली. गॉर्डी खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलावर खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल खात होता. ती बसली नाही.

"गॉर्डी, झाडं कुठे आहेत?"

त्याने चमचा खाली ठेवला. "अगं, तलाव एकच आहे. मासे काय, इकडून तिकडे पोहतात."

"मासे पोहतात. खाम्फेंगने पोहत जायचं का त्या टोकाला?"

"केविनचे प्लॉट खपत नव्हते, अर्डिस. माझा मुलगा आहे तो. एकाच वर्षाचा तर प्रश्न होता."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून माझं नाव सांगितलंस?"

गॉर्डीचे कान लाल झाले होते. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "मर्ल असता तर त्याने समजून घेतलं असतं."

अर्डिसने काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या टोकावर मर्लची खुर्ची गेली असती का रे? तूच ढकलायचास ना ती?" एवढं बोलून ती बाहेर पडली. गॉर्डीने उरलेला रोल खाल्ला नाही.

बुडालेलं झाड हातांनी वर काढता येत नाही. केविनचे प्लॉट त्या उन्हाळ्यात खपले. गावातल्या काहींनी गॉर्डीशी बोलणं टाकलं, काहींनी खांदे उडवले. "झाडंच तर होती." अर्डिसने धक्क्यावरच्या एकेकाला गाठून सांगितलं की ते मी केलेलं नाही. मला ते बघवत नसे. आयुष्यभर जिच्या शब्दावर लोकांनी पोरं सोपवली, ती बाई दारोदार स्वतःची साक्ष देत होती.

पुढच्या जानेवारीत ती पुन्हा निघाली. झाडं कमी मिळाली. खाम्फेंग, त्याची बायको आणि कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी आली. मुलांच्या घसरगाड्यांवरून त्यांनी झाडं ओढली. दुपारी गॉर्डी आपली गाडी घेऊन काठावर आला आणि इंजिन चालू ठेवून बसला. कोणी हाक मारावी अशी त्याची अपेक्षा असावी. अर्डिस त्याच्या समोरूनच तीन-चारदा गेली. तिने मान वळवली नाही. अंधारायच्या आधी तो निघून गेला.

धक्क्यावर पुन्हा क्रॅपी लागतात. खाम्फेंगची बायको पहिला मासा अर्डिसला देते, लिंबाची सुगंधी पानं घालून शिजवलेला.

पण पूर्वी झाडं उभी केली की अर्डिस घरी जाऊन निवांत झोपायची. आता जानेवारीपासून बर्फ फुटेपर्यंत ती रोज सकाळी येते, पिकअप धक्क्याजवळ लावते आणि काचेतून झाडांकडे बघत बसते. मी कॉफी नेऊन देते. एकदा म्हटलं, "अगं, कोण नेणार आहे ती? घरी जा."

तिने कप दोन्ही हातांत धरला. "ठाऊक आहे गं मला," ती म्हणाली. पण तिची नजर झाडांवरून हलली नाही.