एकच व्यक्ती असल्याबद्दल

"तो सिद्राम मीच, हे मी शपथेवर नाही सांगू शकत, मॅडम," असं म्हणून सिद्रामप्पांनी पेन माझ्या टेबलावर ठेवलं.

मी वकील आणि नोटरी. शुक्रवार पेठेत ऑफिस आहे. नोटरी म्हणजे काय, तर माणूस माझ्यासमोर शपथ घेऊन सही करतो आणि मी शिक्का मारते. सगळ्यात जास्त येतात ती नावातल्या फरकाची अ‍ॅफिडेव्हिट. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. मग लिहून द्यायचं, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आणि ती व्यक्ती मीच. पाच मिनिटांचं काम.

सिद्रामप्पा वळसंगचे. शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. दाखल्यावर सिद्राम, आधारवर सिद्रामप्पा. मुलगी जर्मनीत, तिला पाचवा महिना लागलेला. नवरा-बायकोला तिकडं जायचं होतं आणि पासपोर्टची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"अहो, फरक फक्त 'प्पा'चा आहे," मी म्हणाले.

"'प्पा'चं काही नाही. एक लहान पोर शाळेत गेलं. त्याचं ते शरीर आता नाही. त्याच्या मनात काय होतं, मला आठवत नाही. मग तो मीच, कशावरून?"

शेजारी त्यांच्या पत्नी महादेवी बसल्या होत्या. "रिटायर झाल्यापासनं तत्त्वज्ञान वाचायलेत," त्या म्हणाल्या. एखाद्याला शुगर निघाली हे सांगावं, तशा आवाजात.

हसण्यावारी नेता येईना. खोटं अ‍ॅफिडेव्हिट हा गुन्हा आहे, आणि सही करणाराच शंका आहे म्हणत असेल तर मला शिक्का मारता येत नाही. मी विचारलं, "वाचायला सुरुवात कशी केलीत?"

"आधी जाडजूड इतिहास आणला. पहिल्या पानापासून सुरू केला. रोज तिसऱ्या पानावर झोप. मग ठरवलं, सगळं नाही वाचायचं. आपल्याला छळणारा एकच प्रश्न घ्यायचा. त्यावरचं बारकं पुस्तक आणायचं. दोन पानं वाचायची आणि हिला आपल्या भाषेत सांगायची."

"कळलं न्हाय की मी इचारते," महादेवी म्हणाल्या. "मग तेच पुन्ना वाचतेत."

पद्धत चांगली होती. "मग लेखकानं उत्तर काय दिलं?"

"तिथवर पोचलो नाही. शंकेचं प्रकरण झालं. उत्तराचं पुढं आहे."

पुस्तक पिशवीतच होतं. म्हटलं, आत्ताच वाचा. ते मोठ्यानं वाचू लागले. बाहेर बाकावर एक घरमालक आणि त्याचा भाडेकरू करारासाठी थांबले होते. घरमालक आत डोकावला.

"किती वेळ हो?"

"हे तेच आहेत का, ते ठरतंय," मी म्हणाले.

दोघं आत येऊन बसले. थोडं ऐकून भाडेकरू म्हणाला, "म्हणजे मागचा करार केला तो मी नव्हतोच की."

"मग भिंतीत खिळे कुणी ठोकले?" घरमालकानं विचारलं.

लेखकानं ठाम उत्तर दिलंच नव्हतं. त्याचं म्हणणं, 'तोच माणूस का' हे कशासाठी विचारताय ते आधी सांगा. आठवणींपुरतं उत्तर वेगळं, जबाबदारीपुरतं वेगळं.

सिद्रामप्पांनी पुस्तक मिटलं. "मग पासपोर्टपुरता मीच."

मी मजकुरात 'कायद्याच्या दृष्टीने' हे दोन शब्द घातले. त्यांनी शपथ घेतली, सही केली.

"आता तुमचं," मी महादेवींना म्हणाले. माहेरचं नाव शांता, सासरचं महादेवी. त्यांनी पेन उचललं आणि थांबल्या.

"अक्षता पडल्या आन मी महादेवी झाले. शांताला कुणी इचारलंच न्हाय की."

सिद्रामप्पा बायकोकडं बघत राहिले. त्यांच्या पुस्तकात हे उदाहरण नव्हतं.

महादेवींनी सही केली. मग नवऱ्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "आता मी वाचते. तुमी ऐका."

दोघांचेही पासपोर्ट आले. खिडकीवरच्या साहेबांनी ते दोन शब्द वाचलेसुद्धा नाहीत, याचं सिद्रामप्पांना जरा वाईट वाटलं म्हणे. बाळंतपणाला दोघं वेळेवर पोचले.

तत्त्वज्ञान कुठून वाचायला घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, आपल्याला अडलेल्या प्रश्नापासून. पुस्तक बारकं घ्या, ऐकणारं माणूस शोधा. आणि सरकारी अपॉइंटमेंट असेल त्या आठवड्यात शंकेच्या प्रकरणावर थांबू नका.