गळा आवळायच्या आधीच त्यानं हार मानली

मंडळी, आज संध्याकाळची एमएमए फाइट कोणी बघितली का? मला काहीतरी खटकलंय आणि ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरी मी वेळेआधीच टीव्हीसमोर जाऊन बसले होते. माझा आवडता फायटर पहिल्या राउंडमध्ये भारी खेळला. दुसऱ्यात समोरच्यानं मागून त्याच्या गळ्याभोवती हात टाकला, आणि यानं लगेच मॅटवर थाप मारली. म्हणजे हार कबूल. फाइट खलास!

शेजारी माझे वडील, अप्पा, बसले होते. तरुणपणी ते इथल्या गरडीत, म्हणजे तालमीत, कुस्ती खेळलेत. ते म्हणाले, "अय्यो, हात तर हनुवटीवरच आहे की! गळा कुठं आवळलाय?"

मी रिप्लेची वाट बघितली. रिप्लेत नुसते डोळे आणि कपाळ. हनुवटीच्या खाली कॅमेरा गेलाच नाही!

मग मी अप्पांना तस्साच हात माझ्या हनुवटीवर घालायला लावला. जबडा दुखला, पण श्वास छान चालू होता. त्याच अवस्थेत मी आईशी भांडलेसुद्धा.

"दसऱ्याच्या कुस्तीत असं कोणी हरलं असतं, तर लोकांनी परत मातीत उतरवलं असतं," असं म्हणून अप्पांनी टीव्ही बंद केला.

मी परत लावला. माझा फायटर जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडून हसत होता.

कोणीतरी मला खोटं पाडा हो. त्याच्या प्रत्येक विजयाला मी घर डोक्यावर घेतलंय. आता मनात येतंय, तेव्हा समोरचे तरी खरंच हरले होते का?