पलीकडचा चौथरा

लिफ्टमध्ये शिरली की भिंतीला तळवा लावायची. बसच्या खिडकीची काच खडखडत असली तर तिकिटाची घडी करून फटीत खोचायची. दुसऱ्याचं पेन न्यायची आणि फक्त टोपण परत करायची. विनोद झाला की सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायची. आईला फोन लावला की आधी म्हणायची, "काही नाही गं, सहज." पुलावरून चालताना मध्येच थांबून कठड्याला कान लावायची, आणि मी शेजारी उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा झेलायचे.

ऑफिसात तिला गमतीने भोवरा म्हणत. ती तासन्‌तास खुर्चीतून उठत नसे म्हणून.

आमची कंपनी कारखान्यांसाठी मोठे पंखे बनवते. भट्टीतली गरम हवा आणि धूर ओढून घेणारे. एकेकाचं चक्र दोन माणसांच्या उंचीचं. मी साहित्य शिकले आणि या पंख्यांची माहितीपुस्तकं लिहायला लागले. सुरुवातीला मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून साहेबांनी मला तिच्या टेबलाशी बसवलं.

"कविता करतेस म्हणे," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

"कधीतरी."

"वारा वगैरे असतो ना त्यात? आमच्याकडेही असतो. आम्ही वजन करून विकतो."

पंखा बनण्याआधी ती तो संगणकात बांधायची, फिरवायची आणि कोणत्या वेगाला तो थरथरेल ते बघायची. "वॉशिंग मशीन कपडे पिळताना मध्येच एकदा नाचतं आणि वेग वाढला की गप्प होतं, बघितलंयस ना? असा नाचायचा वेग प्रत्येक यंत्राला असतो. तो कुठे आहे ते शोधायचं आणि पंख्याला त्याच्यापासून लांब ठेवायचं. एवढ्याचाच मला पगार मिळतो."

तिची आई शिवणकाम करते. वडील ती शाळेत असतानाच गेले. घर दोन खोल्यांचं. शिवणयंत्राच्या आवाजावरून खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे, तेव्हा तिने यंत्राच्या पायांखाली सायकलच्या टायरचे तुकडे सरकवले. "ही हिची पहिली नोकरी," आई मला म्हणाल्या होत्या. "खालच्यांचं तोंड बंद करायची." धाकट्या भावाला तिनेच शिकवलं. तिच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "येणाऱ्याला आधीच सांग, मुलीला भिंती चाचपायची खोड आहे."

गेल्या वर्षी एका सिमेंट कारखान्याचा पंखा तिने तपासून दिला. या पंख्याचा दांडा दोन बाजूंना बेअरिंगमध्ये फिरतो आणि ती बेअरिंगं काँक्रीटच्या दोन चौथऱ्यांवर टेकलेली असतात. चौथऱ्यांखालची जमीन कशी आहे, याचा अहवाल यायचा होता. तोवर सगळे करतात तेच तिने केलं. चौथरे मुळीच हलणार नाहीत, असं धरून गणित सोडवलं. अहवाल आलाच नाही. पंखा मात्र बनून गेला. कारखान्यात तो पूर्ण वेगाला नेला आणि थरथरायला लागला. तिच्या स्क्रीनवर तो त्याच वेगाला शांत होता.

"चूक कुणाची?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

"माझी."

साहेबांना अशा उत्तराची सवय नव्हती. ते म्हणाले, "बरं, वेग कमी करून चालवायला सांगू. गिऱ्हाईक ऐकेल."

"आणि हवा कमी पडायला लागली की तेच वाढवतील, साहेब. तिथला फिटर रोज त्या बेअरिंगशी उभा असतो. पुढच्या वेळी दांडा तुटला तर?"

ती कारखान्यात गेली. माहितीपुस्तकासाठी फोटो हवे होते म्हणून मीही गेले. पंख्याची देखभाल करणाऱ्या फिटरकाकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पंख्याच्या इंजिनियर तुम्हीच का?"

"तुम्हाला काय वाटलं, कुणी मिशीवाला येईल?"

"मिशीवाले येऊन गेले. चहा पिऊन गेले."

त्यानंतर दोघांचं जमलं. चौथऱ्यावर सेन्सर चिकटवायचा, रबरी टोकाच्या हातोडीने ठोका द्यायचा आणि काँक्रीट किती हलतं ते बघायचं, असं ते काम. मोटरच्या बाजूचा, अलीकडचा चौथरा हलत होता. पलीकडच्या चौथऱ्यावर मात्र बेअरिंग बदलण्यासाठी परांची बांधलेली होती. तिथे हात पोचेना. सोमवारी पुन्हा पंखा बंद ठेवायला मॅनेजरला राजी करतो, असं काकांनी कबूल केलं.

साहेब म्हणाले, "दोन्ही चौथरे एकाच मापाचे, एकाच कंत्राटदाराने ओतलेले. याचा आकडा त्यालाही लाव आणि मोकळी हो."

"एकदा धरून चालले ना, साहेब. आता ठोकून बघते."

बसमध्ये ती मला म्हणाली, "पलीकडचा घट्ट निघाला तर अलीकडच्याला आधार देऊन पंखा वाचेल. तोही मऊ निघाला तर पूर्ण वेगाला तो कधीच चालवायचा नाही, असं मी लेखी देणार. काहीही निघू दे. नीट कळलं की मला झोप लागेल."

शनिवारी सकाळी ती आईसाठी दोऱ्याची रिळं आणायला निघाली आणि जिन्यातच खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी ती गेली. बत्तीस वर्षांची होती.

सोमवारी मी त्यांच्या घरी होते. तिचा फोन वाजला. भावाने स्क्रीन पाहिली आणि फोन माझ्या हातात दिला.

"मॅडम, निघालात ना?" फिटरकाका होते. "पंखा थांबवलाय. परांची काढली. चौथरा घासूनपुसून ठेवलाय तुमच्यासाठी. मॅनेजर संध्याकाळपर्यंतच थांबेल म्हणतो, तेव्हा जरा लवकर या."

मी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "आईजवळ कुणी आहे ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मी मॅनेजरला थांबायला सांगतो. जेवढं थांबेल तेवढं."

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आज कुणाला पाठवू? ते काम येणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

संध्याकाळी कारखान्याने पंखा कमी वेगावर सुरू केला.

नंतर साहेबांनी तिचा संगणक उघडला. मी मागे उभी होते. तिने पंखा पुन्हा पहिल्यापासून बांधला होता. अलीकडच्या चौथऱ्याचा आकडा भरला होता. पलीकडच्याचा रकाना रिकामा होता, आणि तो भरल्याशिवाय स्क्रीनवरचा पंखा फिरत नव्हता. साहेबांनी अलीकडचा आकडा पाहिला. कीबोर्डवर बोटं ठेवली. मग रकाना तसाच रिकामा ठेवून ती उचलून घेतली.